नगरद्वारीची राळ

उज्जयिनीत पंचक्रोशी यात्रेचे दिवस होते. उत्तरेच्या पंचांगाप्रमाणे हा वैशाखाचा वद्य पक्ष. परंतु राणोजी शिंद्यांनी हे नगर आपल्या मुलखाचे मुख्य ठाणे केल्यापासून जी मराठी घराणी येथे रुजली, त्यांच्या देवघरातील पंचांग अद्याप अमान्त गणनेचे असल्यामुळे, त्यांच्या लेखी तो चैत्र वद्यच असतो. पटणी बाजारातील नागचंद्रेश्वरापाशी बळ मागून निघालेले यात्रेकरू, डोक्यावर शिध्याची गाठोडी घेऊन, उन्हे चढण्यापूर्वी मजल गाठण्याच्या घाईने गल्लीतून जात होते. आणि मी मात्र त्याच गल्लीतील एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर मांडी घालून, मातीच्या भिंतीतून बाहेर आलेल्या, करंगळीहून किंचित बारीक अशा एका काळसर नळीकडे भिंगातून पाहत बसलो होतो. नळीच्या तोंडाशी सात-आठ चिमुकली डोकी वर्तुळाकार मांडून ठेवल्यासारखी स्थिर होती. मध्येच एखादी माशी बाहेरून येई, डोकी क्षणभर मागे सरत, ती आत जाई, आणि वर्तुळ पुन्हा पूर्ववत होई. वाड्यातल्या काकू पाण्याचा तांब्या ठेवून म्हणाल्या, “बसा हो निवांत, त्या चावत नाहीत. माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून आहेत त्या इथं. आम्ही भिंत लिंपतो ती तेवढी जागा सोडून.”

आग्या, सातेरी आणि फुलोरी या तीन मधमाश्या आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतात. ही चौथी, जिला महाराष्ट्रात पोया म्हणतात, ती घराच्या भिंतीत राहूनही सहसा कोणाच्या गणतीत नसते. लांबी चार मिलिमीटरच्या आतबाहेर, रंग काळा, आणि पंखांवर उन्हात इंद्रधनुष्याची झाक. तिच्या भारतीय जातीचे वर्णन १८५४ साली ब्रिटिश म्युझियममधील फ्रेडरिक स्मिथ याने केले, तेव्हा त्याने या पंखांवरूनच तिला ‘इरिडिपेनिस’ हे नाव दिले. नांगी आहे, पण ती इतकी क्षीण की तिचा उपयोग शून्य. जगाच्या उष्ण कटिबंधात अशा नांगीहीन मधमाश्यांच्या पाचशेहून अधिक जाती आहेत, आणि त्यांचे कुळ फार पुरातन आहे: अमेरिकेतील न्यू जर्सी येथे सापडलेल्या एका तृणमण्यात या कुळातील जी माशी जशीच्या तशी टिकून राहिली आहे, तिचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या घरात जाते. तृणमणी म्हणजे झाडाची अश्मीभूत राळ, हे लक्षात घेतले म्हणजे ती माशी तेथे कशासाठी गेली असावी याचाही उलगडा होतो. राळ गोळा करावी हा या कुळाचा धर्मच आहे, आणि हिंदीत या माशीला डामर मक्खी म्हणतात तेही त्या राळेवरूनच.

भिंतीच्या पोकळीतील तिचा संसार मी एकदाच, दुसऱ्या एका गावी, पडक्या कोठीची भिंत उतरवीत असताना उघडा पाहिला होता, आणि तो पाहिल्यावर पोळे या शब्दाने डोळ्यांपुढे येणारे सारे चित्र पुसून टाकावे लागले. सातेरीच्या पोळ्यातील त्या समांतर फण्या आणि ती षट्कोनी घरे येथे नाहीत. मधोमध, द्राक्षाच्या घडासारखा, तांबूस-पिवळ्या लंबगोल पेशींचा झुबका असतो. त्या पेशींत पिलावळ वाढते. त्याच्या बाजूस, कोठारे निराळी काढावीत तशी, बोराएवढी गोल मडकी एकमेकांना चिकटवून ठेवलेली असतात, त्यांपैकी काहींत मध आणि काहींत पराग. हे सर्व ज्या द्रव्याचे घडलेले असते, ते निव्वळ मेण नव्हे. आपल्या शरीरातून पाझरणाऱ्या मेणात झाडावरून आणलेली राळ मळून या माश्या एक मऊ, तपकिरी मिश्रण तयार करतात, आणि पेशी, मडकी, खांब, नळी, सारे काही त्याचेच करतात. पोकळीच्या कडेला, जेथे भेगा असतील, ओल येत असेल किंवा मुंगीला वाट मिळत असेल, तेथे राळेचे प्रमाण वाढवून त्याचा कठीण, काळा गिलावा दिलेला असतो. कोठी, देवडी, तटबंदी यांना निरनिराळ्या दर्जाचा चुना वापरणाऱ्या जुन्या गवंड्यांना हा तारतम्यविचार तत्काळ पटला असता.

आता ज्या गोष्टीचा विस्मय वाटावा ती ही की, अशा जागेत सडका वास का येऊ नये? पोकळी अंधारी, उबदार आणि दमट. तिच्यात साखर आहे, प्रथिनांनी भरलेला पराग आहे, शेकडो कोवळ्या अळ्या आहेत, आणि वारा खेळायला वाट एकच, तीही करंगळीएवढी. स्वयंपाकघरात एवढे सामान अशा स्थितीत दोन दिवस झाकून ठेवले, तर तिसऱ्या दिवशी त्यावर बुरशीची पांढरी लव दिसेल. शिवाय या माश्यांची पिले वाढविण्याची रीत अशी की, पेशीत पातळ अन्न तोंडापर्यंत भरावयाचे, राणीने त्या अन्नावर अंडे घालावयाचे, आणि पेशी लगेच बंद करून टाकावयाची. नंतर महिना-दीड महिना, प्रौढ माशी बाहेर येईपर्यंत, ती उघडून पाहावयाची नाही. सातेरीची दाई आपल्या अळीला वारंवार भरविते, म्हणून आजारी अळी तिच्या ध्यानात तरी येते. पोयांना बंद दारावर विसंबावे लागते. बंद केलेल्या खोलीतील शिधा दीड महिना नासू नये, याची तजवीज अगोदरच, भिंतीत आणि शिध्यातच करून ठेवावी लागते. सूक्ष्मजंतूंना रोखणारे जे गुण आज प्रयोगशाळेत मोजले जात आहेत, ते या निकडीतून आलेले आहेत.

त्यांतील पहिला मान राळेचा. झाडाला जखम झाली की तिच्यातून दोन प्रकारचे स्राव येऊ शकतात, आणि बोलीभाषेत आपण दोहोंनाही डिंक म्हणून मोकळे होतो. पण बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक पाण्यात विरघळतो, तर सालईची किंवा सालवृक्षाची राळ पाण्याला दाद देत नाही, ती मद्यार्कात किंवा तेलात उतरते. डिंक म्हणजे शर्करांची साखळी, तो जंतूंचे खाद्यही होऊ शकेल. राळेत मात्र टर्पीन जातीची सुगंधी द्रव्ये आणि फिनॉलयुक्त संयुगे असतात, जी झाडाने आपल्या उघड्या जखमेत बुरशी शिरू नये, किड्याने तोंड लावू नये म्हणूनच निर्माण केलेली असतात. पोया ही राळ चिमट्यासारख्या जबड्यांनी खुडते, मागच्या पायांवरील टोपल्यांत लादते आणि घरी आणते. त्या सकाळी नळीपाशी उतरणाऱ्या एका माशीच्या पायांवर मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढे दोन चकचकीत, मधाळ रंगाचे थेंब भिंगातून मला स्वच्छ दिसले. झाडाने स्वतःच्या जखमेसाठी केलेले औषध उचलून स्वतःच्या दाराला लावणे, हा या माश्यांचा व्यवहार मनुष्याच्या वैद्यकापेक्षा कितीतरी जुना आहे.

ग्रीक लोकांनी मधमाश्यांच्या या राळेला जे नाव दिले ते आज जगभर रूढ आहे: प्रोपोलिस, म्हणजे नगराच्या पुढचे, वेशीवरचे. हा शब्द उज्जयिनीत उच्चारताना मला चोवीस खांबा दरवाजाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. महाकालवनाच्या त्या प्राचीन प्रवेशद्वाराच्या दोन्ही अंगांना महामाया आणि महालया या देवी नगरीच्या पहाऱ्यावर बसलेल्या आहेत, आणि शारदीय नवरात्रातील महाअष्टमीला जिल्ह्याचा सर्वोच्च अधिकारी स्वतः येऊन, सरकारी इतमामाने, नगराच्या वतीने त्यांची पूजा बांधतो. रोगराई आणि अरिष्ट वेशीवरच थांबावे ही त्या पूजेमागील भावना; आणि भिंतीतल्या या नगरीनेही आपली राळ सर्वांत जास्त कोठे खर्च केली असेल, तर ती दारापाशीच. नळीच्या तोंडाजवळ राळेचे ताजे, चिकट ठिपके ओळीने लावलेले होते. एक काळी मुंगी वरून उतरत आली, तिचा पुढचा पाय एका ठिपक्यात गेला, तो सोडविताना दुसरा गेला, आणि एवढ्यात वर्तुळातील दोन पहारेकरिणी पुढे सरसावून तिच्या मिशांवर आणखी राळ थापून पुन्हा आपल्या जागी जाऊन बसल्या. ऑस्ट्रेलियातील याच कुळाच्या माश्यांचे वर्तन अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञांनी तर असे नोंदविले आहे की, पोळ्यात घुसणाऱ्या एका घातक भुंग्याला त्या मेण, राळ आणि चिखल यांच्या लेपात जिवंतपणीच गुंडाळून टाकतात. आणि तो तसाच, इजिप्तच्या प्रेतासारखा, न कुजता पडून राहतो. शत्रू मेला तरी त्याचे कुजणे हा दुसरा शत्रू, एवढी जाण त्या उपायात दिसते.

मधाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. सातेरीचा मध न नासण्याचे मोठे कारण म्हणजे त्याचा दाटपणा. त्यात पाणी इतके थोडे असते की, जंतू त्यात पडला तर मध त्याच्याच अंगातील पाणी शोषून घेतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या मधात पाणी सामान्यतः २० टक्क्यांहून अधिक नसावे, असा दंडक आहे. पोयांच्या मधात ते २५ ते ३५ टक्क्यांपर्यंत असते, म्हणजे रूढ मापाने तपासणाऱ्या अधिकाऱ्याने त्यावर भेसळीचा शेरा मारावा अशीच ही स्थिती. मलेशियाने २०१७ साली या मधासाठी निराळे प्रमाण ठरवून ३५ टक्क्यांची मर्यादा घातली, ती याच कारणाने. हा पातळ मध मडक्यात थोडासा आंबतो, आणि त्याची चव गोडाहून आंबटगोड अधिक; काकूंनी बोटभर दिलेला मध जिभेवर ठेवताच प्रथम चिंचेच्या कोळाची, मग कसल्याशा सालीची तुरट अशी चव आली आणि गोडवा सर्वांच्या मागून आला. ही आंबट चव हाच त्याचा पहिला बंदोबस्त, कारण इतक्या अम्ल द्रवात बहुसंख्य रोगजंतूंची वाढ खुंटते. दुसरा बंदोबस्त माशीच्या लाळेतील ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचा, जे साखरेचे अम्ल करताना त्याबरोबरच किंचित किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करीत राहते. जखम धुताना जे फेसाळते तेच हे द्रव्य, पण मधात ते एकदम न ओतता थेंबाथेंबाने, गरजेपुरते पुरविले जाते. आणि तिसरा, मडक्याच्या भिंतीतील राळेचा: हा मध महिनोन्‌महिने राळमिश्रित मेणाच्या भांड्यात मुरलेला असतो, तेव्हा तांब्याच्या घागरीतील पाण्याला तांब्याचा गुण यावा तसा त्यालाही राळेचा गुण येतो, असे मानण्यास सबळ आधार आहे. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऑस्ट्रेलियातील अशा तीन जातींच्या मधाची जंतुरोधक शक्ती उष्णता दिल्यावरही आणि दीर्घकाळ साठविल्यावरही टिकून राहिल्याचे आढळले; एकट्या पेरॉक्साइडवर ती विसंबलेली असती तर असे घडले नसते. याच मधात ट्रेहाल्युलोज नावाची, अन्यत्र क्वचितच आढळणारी साखर मोठ्या प्रमाणात असल्याचा शोध २०२० साली क्वीन्सलँड विद्यापीठात लागला. हजारो वर्षे चाखलेल्या पदार्थातील मुख्य साखर कोणती, हे कळायला विसावे शतकही अपुरे पडले.

आंबट मध म्हटले की माझे मन सुश्रुताकडे वळते. सूत्रस्थानाच्या ४५ व्या अध्यायात त्याने मधाच्या आठ जाती सांगितल्या आहेत: पौत्तिक, भ्रामर, क्षौद्र, माक्षिक, छात्र, आर्घ्य, औद्दालक आणि दाल. त्यांपैकी औद्दालकाचे गुण वाचताना मी थबकलो होतो, कारण तेथे हा मध तुरट, उष्ण आणि आंबट असल्याचे म्हटले असून, कुष्ठ आणि विष यांचा तो नाश करतो अशी त्याची ख्याती दिली आहे. पुढे भावमिश्राने सोळाव्या शतकात भावप्रकाशात त्याच मधाचा उगम सांगताना, बहुधा वारुळात राहणारे, पिंगट वर्णाचे बारीक कीटक तो अत्यल्प प्रमाणात करतात, असा तपशील नोंदविला. बारीक कीटक, पोकळीत वस्ती, मध थोडा आणि चव आंबट! रंगाचा तेवढा फरक सोडला तर हे वर्णन पोयांच्या कुळाशी इतके जुळते की, प्राचीन वैद्यांना या मधाचे वेगळेपण जिभेने आणि अनुभवाने कळले होते असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही. येथील सिंदिया प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या दालनांत सहस्रावधी हस्तलिखिते आहेत. वैद्यकाच्या पोथ्यांतील मधाचे सारे उल्लेख, टीकांसह, एखाद्या कीटकशास्त्रज्ञाच्या शेजारी बसून वाचणारा संस्कृतज्ञ तेथे लाभावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. उज्जयिनीला अशा धाडसाची परंपरा आहे. १९५७ साली आगगाडीच्या खिडकीतून दूरचे खडक पाहून जे पुढच्या स्थानकावर उतरले आणि ज्यांनी भीमबेटकाची चित्रलेणी जगापुढे आणली, ते विष्णू श्रीधर वाकणकर याच नगरीचे रहिवासी होते. आणि त्या शैलचित्रांत शिकार, नृत्य आणि मिरवणुका यांच्याबरोबर मध काढणारी माणसेही आहेत.

तथापि पोथीतील गुण आणि प्रयोगशाळेतील दाखला या दोन निरनिराळ्या गोष्टी होत, आणि या विषयात आपल्या भाषेच्या मुलखातून रुजू झालेला एक महत्त्वाचा दाखला पुण्याचा आहे. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून जिची स्थापना झाली आणि १९९२ पासून जी त्यांच्याच नावाने ओळखली जाते, त्या आघारकर संशोधन संस्थेतील किशोर पाकणीकर आणि त्यांचे सहकारी यांनी, पश्चिम महाराष्ट्रातील लोकवैद्यकात पोयांची राळ नाना विकारांवर वापरतात हे हेरून, ती प्रयोगशाळेत आणली; त्यांचा निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. राळ मद्यार्कात उतरवून तिचा अर्क काढण्यात आला, त्यातील घटक यंत्राने वेगळे करून ओळखण्यात आले, तेव्हा त्यांत प्रामुख्याने टर्पीन आणि अल्कोहोल वर्गातील द्रव्ये निघाली. आणि मग तो अर्क अनेक जीवाणूंवर, ज्यांत एकाहून अधिक प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणूही होते, तसेच एका किण्वावर अजमावून पाहण्यात आला. अर्काने त्यांची वाढ रोखली. लोकांची वहिवाट निराधार नव्हती.

अशी परीक्षा कशी घेतात, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे, कारण ‘जंतुनाशक’ हा शब्द जाहिरातीत जितका सोपा वाटतो तितका तो नसतो. काचेच्या चपट्या बशीत अगरची खीर थिजवून तिच्यावर जीवाणूंचे पातळ सारवण करतात, मधोमध भोक पाडून त्यात अर्काचे थेंब सोडतात, आणि बशी रात्रभर शरीराच्या उष्णतेइतक्या उबेत ठेवतात. सकाळी साऱ्या बशीवर दुधाळ साय धरलेली दिसते, आणि अर्क प्रभावी असला तर त्याच्याभोवती तेवढे एक स्वच्छ वर्तुळ. ते वर्तुळ प्रथमच पाहणाऱ्याच्या मनाला फार समाधान देते. परंतु त्यावर विसंबून चालत नाही. राळ पाण्याशी फटकून वागणारी, आणि अगरची खीर जवळजवळ सगळी पाण्याचीच. म्हणून अर्क बलवान असूनही खिरीत पसरत नाही आणि वर्तुळ लहान पडते, तर एखादे दुबळे पण पाण्यात सहज पसरणारे द्रव्य मोठे वर्तुळ काढून डौल मिरविते. म्हणून दुसरी रीत: नळ्यांची रांग मांडावयाची, प्रत्येक पुढच्या नळीत अर्काची मात्रा निम्मी करीत जावयाची, आणि ज्या अखेरच्या नळीतले पाणी नितळ राहिले, तिची मात्रा ही किमान अवरोधक मात्रा म्हणून नोंदवावयाची. जंतू त्या नळीत मेले की नुसते थबकले, हे पाहण्यासाठी त्यातला थेंब पुन्हा ताज्या खिरीवर पेरून आणखी एक रात्र वाट पाहावी लागते.

या परीक्षांतून जगभर एक गोष्ट वारंवार आढळली आहे. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ग्राम याने १८८४ साली काढलेल्या रंगाच्या युक्तीने जीवाणूंचे दोन मोठे तट पडतात. जांभळा रंग धरून ठेवणारे ग्राम-धन, आणि तो सोडून देणारे ग्राम-ऋण. गळवातील पू ज्याच्यामुळे होतो तो स्टॅफिलोकॉकस पहिल्या तटातला, विषमज्वराचा जंतू दुसऱ्या. राळेचा प्रभाव पहिल्या तटावर सामान्यतः अधिक पडतो, कारण दुसऱ्याच्या अंगावर बाहेरून आणखी एक मेदयुक्त आवरण असते, आणि राळेतील द्रव्यांना ते भेदून आत शिरणे कठीण जाते. दुसरी गोष्ट अशी की, राळेचा गुण माशीपेक्षा झाडावर अधिक ठरतो. थायलंडमध्ये पोयांच्या भाऊबंद माश्यांच्या राळेत अल्फा-मँगोस्टिन हे प्रभावी द्रव्य सापडले. ते माशीने केलेले नव्हते, शेजारच्या बागांतील मँगोस्टीनच्या फळझाडांचे होते, आणि मँगोस्टीन हे आपल्या कोकमाचे सख्खे भावंड. म्हणजे सावंतवाडीच्या बागेतील पोयांची राळ, मेळघाटातील सालईच्या रानातली राळ आणि उज्जयिनीच्या गल्लीतील राळ ही एकच जिन्नस समजणे शास्त्राला धरून होणार नाही. या कारणामुळे बाटलीवर ‘पोयांची राळ’ एवढेच लिहून ती औषध म्हणून विकणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. कोणत्या रानातली, कोणत्या ऋतूतली आणि तीत काय काय किती आहे, ही कैफियत सोबत हवी.

पण मला या विषयात सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट ब्राझीलमधून आली. तेथील एका नांगीहीन माशीच्या बंद पेशींत बुरशीचे पांढरे तंतू वाढतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले की अळ्या ती बुरशी खातात, आणि प्रयोगशाळेत बुरशीवाचून वाढविलेल्या अळ्यांपैकी फार थोड्या जगतात. जे घर राळेने माखलेले, ज्याच्या प्रत्येक भिंतीत बुरशीला मज्जाव, त्याच घरात एका विशिष्ट बुरशीला अन्नाचे ताट मांडून दिलेले! पोयांच्या मधात आणि परागात आंबविणारे जीवाणू आणि किण्वेही असतात, आणि अन्न टिकविण्याच्या कामी त्यांचे साहाय्य होते. त्यामुळे या घराला निर्जंतुक म्हणणे चूक आहे. कोणी आत यावे, कोणी वेशीबाहेर राहावे, कोणी किती वाढावे, याचा तेथे कायदा आहे. कत्तल नाही, बंदोबस्त आहे. मनुष्याने १९२८ साली फ्लेमिंगच्या बशीतून पेनिसिलीन मिळविले, आणि त्यानंतर शंभर वर्षे पुरती होण्याच्या आत त्या अस्त्राचा असा सढळ वापर केला की, २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंपायी जगात १२ लाख ७० हजार माणसे दगावल्याचा अंदाज २०२२ साली द लान्सेटने प्रसिद्ध केला. राळेत एकच एक द्रव्य नसते, डझनावारी असतात, आणि ती निरनिराळ्या ठिकाणी थोडीथोडी आघात करतात. इतक्या आघातांना एकदम तोंड देण्याची युक्ती जंतूला सहजासहजी साधत नाही. आपल्याला शिकण्यासारखे आहे ते या मिश्रणाच्या रीतीत, असे माझे ठाम मत झाले आहे.

तूर्त वाचकाने घरगुती व्यवहारात दोन पथ्ये पाळावी. बशीतल्या वर्तुळावरून रुग्णाच्या शरीरातील परिणाम सिद्ध होत नाही, तेव्हा चिघळलेली जखम, मधुमेह्याच्या पायाचा व्रण किंवा ताप यांवर कोणताही मध वा राळ लावून डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये. आणि वर्षाच्या आतील बालकाला तर कोणताच मध चाटवू नये, कारण त्यातून जाणारे एका जीवाणूचे बीजाणू त्याच्या कोवळ्या आतड्यात रुजून घातक ठरू शकतात. बाळाच्या जिभेवर मध ठेवण्याचा संस्कार ज्यांच्या घरी आहे, त्यांनी तो मध स्पर्शापुरताही वापरू नये हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे. राळेने काहींच्या त्वचेवर पुरळ उठतो, तेही ध्यानात असू द्यावे.

एका पोळ्यातून वर्षाला निघणारा मध काहीशे ग्रॅमच्या पुढे जात नाही, आणि तो काढण्यासाठी बहुधा भिंत फोडली जाते किंवा झाड तोडले जाते. केरळात घराच्या वळचणीला मातीची मडकी आणि बांबूची नळकांडी टांगून ‘चेरुतेन’, म्हणजे छोटा मध, घेण्याची जुनी रीत आहे. तेथील कृषी विद्यापीठाने ती शास्त्रशुद्ध केली आहे, आणि पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेसारखी, १९६२ पासून चालत आलेली संस्था जवळ असताना माळव्यात आणि महाराष्ट्रात ती रुजविणे अशक्य नाही. इकडे २०२८ च्या सिंहस्थाच्या तयारीत रस्ते रुंद होत आहेत, आणि माती-विटांच्या जुन्या भिंती एकेक करून उतरत आहेत. सिमेंटच्या भिंतीत पोयांना पोकळी मिळत नाही.

काकूंच्या शेजारचा वाडा गतवर्षी असाच उतरला. मजुराच्या पहारीने भिंतीतील पोळे उघडे पडले, मध मातीत सांडला, आणि माश्या डोक्याच्या केसांत शिरू लागल्यावर मजूर बाजूला झाले. काकू पदर डोक्यावरून घट्ट घेऊन तेथे गेल्या, पेशींचा तो तांबूस झुबका आणि न फुटलेली मडकी दोन्ही हातांनी उचलून त्यांनी गळक्या माठात ठेवली, माठावर परळ झाकून शेणामातीने तोंड लिंपले, बुडाशी असलेले भोक तेवढे मोकळे ठेवले आणि माठ ओसरीच्या खांबाला आडवा बांधला. “राणी आत आली की नाही, ते काही मला कळलं नाही,” त्या म्हणाल्या, “पण दिवे लागेपर्यंत बाकीच्या आपणहून आत गेल्या.” त्यांनी मला तो माठ दाखविला. भोकातून बोटभर लांब नवी नळी निघाली होती, तिची कड अजून मऊ आणि फिकट होती. माठाला पूर्वीची एक बारीक चीर होती ती आतून काळ्या राळेने बुजविलेली दिसत होती, आणि दाराभोवती ताज्या ठिपक्यांची ओळ लागली होती. मध साठविण्यापूर्वी आठ दिवस त्या तेवढेच करीत होत्या, असे काकू म्हणाल्या.